फोर्ट कॅनिंगच्या भिंतीतली बाळं

ऑफिसातली माणसं जेवणाच्या सुट्टीत काय वाट्टेल ते करतात. कोणी जिमला जातं, कोणी हॉकर सेंटरच्या रांगेत उभं राहून रोज तोच चिकन राइस खातं, कोणी टेबलावरच डोकं टेकून झोपतं. मी कबरींवरचे दगड वाचायला जाते.

हे मी कोणाला सांगत नाही. एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाईला बोलून बसले, तर ती तेव्हापासून माझ्याशी जरा जपूनच वागायला लागली. वागू दे. अकाउंट्समधली बाई विक्षिप्त असली तर कोणाचं काही बिघडत नाही, बेरजा बरोबर आल्या की झालं.

फोर्ट कॅनिंगची टेकडी आमच्या ऑफिसापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. सिंगापूर नवीन वसत होतं तेव्हाच्या गोऱ्या लोकांची दफनभूमी तिथे होती. इंग्लंडातल्या खेड्यात चर्चच्या आवारात असते तशीच त्यांनी इथे केली असणार, कारण कमानींची जुनी दारं अजून तशीच उभी आहेत. आत गेलं की मोठी उतरती हिरवळ आणि तिच्या कडेने विटांच्या भिंती. कबरी केव्हाच मोडल्या. जे दगड धड राहिले होते, ते या भिंतींत ओळीने बसवून टाकले. आणि माणसं? ती हिरवळीखालीच आहेत म्हणतात. त्या हिरवळीवर आता गाण्याचे कार्यक्रम होतात, लोक चटया टाकून सँडविच खातात, लग्न ठरलेली जोडपी फोटो काढून घेतात. पहिल्यांदा एका नवरीला तिचा पांढरा घोळदार झगा सावरत त्या भिंतीला टेकून हसताना पाहिलं, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीकच गेली होती. अगं बाई, मागे कोण आहे ते तरी वाच. आता सवय झाली. आता मी फोटोत येऊ नये म्हणून बाजूला होते.

दगड तऱ्हेतऱ्हेचे आहेत. काही काळे, पाटीसारखे गुळगुळीत, त्यांच्यावरचं अक्षर अजून ठसठशीत. काही पिवळट दगडाचे, त्यांची इथल्या दमट हवेने पार रया घालवलीय. बोट फिरवावं तर भुसा निघावा तशी पूड निघते. जहाजांचे कप्तान आहेत, व्यापारी आहेत, तापाने गेलेले विशीतले कारकून आहेत, बाळंतपणात गेलेल्या बायका तर कितीतरी. आणि लहान मुलं. भिंतीच्या भिंती चालत गेलं तरी लहान मुलं संपत नाहीत. अमक्यांची धाकटी मुलगी. तमक्यांचा एकुलता मुलगा. वय इतके महिने. कुठे कुठे एकाच दगडावर दोन-तीन भावंडं. एका दगडावर तर नुसतं बाळ म्हणून लिहिलंय आणि खाली आईबापांची नावं.

त्या दगडापुढे मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले असेन. मला त्या बाईचा हेवा वाटायचा, सरळच सांगते. मेलेल्या बाळाच्या आईचा कोणी हेवा करतं का? पण मी करायचे. तिच्या बाळाला दगड होता. माझ्या बाळाला नव्हता.

आमची पहिली मुलगी झाली तेव्हा आम्ही वुडलँड्सला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. नवरा बँकेत, मी नुकतीच नोकरीला लागलेली. बाळंतपणासाठी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. सोबत डिंकाचे लाडू, बाळंतविड्यातली झबली-टोपडी, आणि स्वतःच्या हाताने शिवलेली कुंची. मुलगी वेळेआधीच आली. ऑपरेशन करावं लागलं. तिला काचेच्या पेटीत ठेवली होती आणि मला व्हीलचेअरवरून तिच्यापाशी नेत. मी त्या पेटीच्या भोकातून हात घालून तिच्या पायाला बोट लावायची. एवढंच. तिला मी कधी उराशी धरली नाही. आठवडाही नीट भरला नाही आणि ती गेली.

माझे टाके ओले होते, ताप होता, मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? सगळं सासूबाईंनी ठरवलं. आपल्यात दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. त्यांचं म्हणणं तेच होतं आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. त्यांनी त्या कोवळ्या जिवाला आग लागू नये म्हणून हट्टच धरला. नवऱ्याने चौकशी केली, चोआ चू कांगला हिंदूंसाठी दफनाची जागा आहे असं कळलं. त्याचा एक सहकारी गाडी घेऊन आला आणि नवरा मुलीला मांडीवर घेऊन गेला. पांढऱ्या कापडात. बायका जात नाहीत, त्यामुळे सासूबाई माझ्यापाशी हॉस्पिटलात बसल्या. मी विचारलं की तिच्यावर काहीतरी ठेवणार ना, दगड, नाव, काहीतरी. त्यांनी माझ्या कपाळावरून हात फिरवला.

“दगड नको गं,” त्या म्हणाल्या. “खूण ठेवली की ती मागे वळून बघत बसेल. तिला जाऊ दे.”

त्यांनीही आयुष्यात दोन लेकरं अशीच मातीत ठेवली होती, हे मला नंतर नवऱ्याकडून कळलं. तेव्हा मला त्यांचा फक्त राग आला. आणि नाव कुठलं ठेवणार होते मी? बारसंच झालं नव्हतं.

महिन्याभराने त्या परत गेल्या आणि मग आमच्या घरात तिचा विषय संपला. म्हणजे संपवला. नवरा बोलायचा नाही, मी विचारायची नाही. वर्षभराने मी एकटीच चोआ चू कांगला गेले, बायका जात नाहीत तर नाही, गेले. बस बदलत बदलत, बेटाच्या पार पश्चिमेच्या टोकाला. जिकडे तिकडे गवत, डोक्यावरून लढाऊ विमानांचा कानठळ्या बसवणारा आवाज. आमच्या मुलीच्या जागेवर एक नंबर होता. दुसरं काहीही नाही. मी त्या नंबरकडे बघत उन्हात उभी राहिले आणि मला धड रडूही येईना, कारण नंबर बघून कोणाला रडू येतं? पुन्हा फारशी गेले नाही. पुढे ऑफिस बदललं, एका दुपारी पाय मोकळे करायला टेकडी चढले आणि ती भिंत सापडली. मग जे तिकडे करायला हवं होतं ते मी इकडे करत राहिले. परक्यांच्या बाळांची नावं वाचायची. ओठ हलवून, नीट, एकेक.

मधल्या काळात दुसरी मुलगी झाली, आम्ही सेंगकांगला स्वतःचा फ्लॅट घेतला, सिंगापूरचे झालो. सासूबाई पुण्यात वारल्या. आणि गेल्या वर्षी नोटीस आली.

इथे जमीन कमी. राहत्या घराला लीज असतं हे आम्हाला पाठ होतं, पण मेलेल्यांनाही असतं हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. दफनाची जागा पंधरा वर्षांसाठी. मग उकरतात. मुसलमानांचं पुन्हा दफन करतात, कारण त्यांच्यात जाळत नाहीत. हिंदूंच्या अस्थी काढून दहन करतात, कारण हिंदू दहन करतात. सरकारी हिशोबाने अगदी बरोबर. दात न आलेल्या लेकरांचा वेगळा रकाना त्यांच्याकडे नाही.

मी ती नोटीस उभ्यानेच वाचली आणि ओट्याला धरून खाली बसले. ज्या आगीपासून तिला वाचवायला हा सगळा खटाटोप केला, ती आग तिची पंधरा वर्षं वाट बघत बसली होती. मला इतका संताप आला, इतका, की भांडायला सासूबाई हव्या होत्या असं वाटलं. त्यांच्याशी भांडता आलं नाही म्हणून नवऱ्याशी भांडले. तुला माहीत होतं का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, हो, तेव्हाच सांगितलं होतं, पण आईला सांगायची हिंमत झाली नाही, आणि पंधरा वर्षं तेव्हा फार लांब वाटली. बँकेत लोकांना वीस-वीस वर्षांची कर्जं देणारा माणूस हा.

त्या दिवशी मुलीलाही सांगावं लागलं, कारण ती शाळेतून आली तेव्हा आम्ही दोघं तोंडं पाडून बसलो होतो. तेरा वर्षांची. मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. तुला एक मोठी बहीण होती, असं मी म्हटल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो बहिणीच्या नावाचा. नाव नाही म्हटल्यावर तिला ते खरंच वाटेना. “हाऊ कॅन, ममा? एव्हरीबडी मस्ट हॅव नेम, लाह.” नवरा उठला आणि सिंकमधली भांडी घासायला लागला.

मी ठरवलं होतं. आग तर आग, ती काही आपल्या हातात नाही. पण अस्थी समुद्रात सोडायच्या नाहीत. इथे अस्थी ठेवायला कोनाड्यांच्या इमारती असतात, एकेका कोनाड्याला दगडाची पाटी, तिच्यावर नाव. मला तिच्यासाठी एक कोनाडा हवा होता. तळहाताएवढा का होईना, दगड हवा होता. नवऱ्याला ते नको होतं. तो म्हणायचा, समुद्रात सोडू, मोकळी होईल. म्हणजे आईचंच बोलणं, फक्त मातीच्या जागी पाणी.

मग मी त्याला एका शनिवारी फोर्ट कॅनिंगला नेलं. इतकी वर्षं मी तिथे जाते हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याला भिंतीपुढे उभं केलं आणि म्हटलं, वाच. तो वाचत गेला. बँकेचा माणूस, वाचतो ते नीट वाचतो. दोन भावंडांच्या दगडापाशी थांबला, चष्मा पुसला. मग म्हणाला की यातलं कोणीच या दगडामागे नाहीये, दगड कुठले कुठे आणून लावलेत, मग याचा उपयोग काय? मी म्हटलं, उपयोग हा की दीडशे-दोनशे वर्षांनी सेंगकांगहून एक बाई येते आणि त्या पोराचं नाव घेते. कोण कुठली मी! माझा त्यांच्याशी संबंध काय? पण मी घेते ना नाव. आपलीचं कोण घेणार? आपण मेल्यावर ती होती, एवढं तरी कशावरून कळणार?

त्याने विचारलं, पाटीवर काय लिहायचं? मी त्याला तो नुसतं बाळ लिहिलेला दगड दाखवला. म्हटलं, असं. बाळ, आणि खाली तुझं नि माझं नाव. तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं आणि मिटलं. मी म्हटलं, बोल ना, दर वेळी काय गिळतोस? तर म्हणाला, ठीक आहे, तुला हवं तसं करू. आणि माझ्या पुढे चालत टेकडी उतरला. मला वाटलं, मी जिंकले. दुसऱ्याच दिवशी मी पाट्यांचे नमुने बघून आले. करडा दगड निवडला, चकाकी नसलेला.

ठरलेल्या सकाळी आम्ही दोघंच चोआ चू कांगला गेलो. मुलीची परीक्षा होती, तिला आणलं नाही. तिथे ताडपत्रीचा छोटा मांडव घातला होता. तीन मजूर होते आणि त्यांच्यावर देखरेख करणारे एक वयस्क चिनी गृहस्थ. त्यांनी आम्हाला लांबच्या खुर्च्यांवर बसायला सांगितलं, मी बसले नाही. नवरा म्हणाला, अगं, बघवणार नाही तुला. मी म्हटलं, तेव्हा येऊ दिलं नाहीत, आता मला हलवून दाखव. मग तोही माझ्याशेजारी उभा राहिला.

मजूर फार सांभाळून खणत होते. थोडं खोल गेल्यावर त्यांनी फावडी बाजूला ठेवली आणि हातांनी माती काढायला लागले. मूठ मूठ माती चाळणीत घालून बघत होते. लाल माती, ओली. माझ्या डोळ्यांपुढे ती पेटीतलीच होती, तेवढ्याच पायांची, आणि ती आता वर येणार असं मला वेड्यासारखं वाटत होतं. चाळणी हलायची, माती गळायची, चाळणी रिकामी. पुन्हा माती, पुन्हा रिकामी. असं बराच वेळ चाललं. मग त्या गृहस्थांनी मजुरांना थांबवलं आणि आमच्याकडे आले.

ते हळू आवाजात म्हणाले की काही नाही उरलेलं. इतक्या लहान बाळाची हाडं कोवळी असतात, आणि ही माती आंबट, पाऊस इतका. बाळांच्या बाबतीत पुष्कळदा असं होतं. तुम्हाला हवी असेल तर तळाची थोडी माती देतो, काही कुटुंबं तिचंच दहन करून घेतात.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको. मातीने तिला पूर्ण घेतलं होतं. सासूबाईंना हवं होतं ते त्यांना मिळालं होतं, आग शेवटपर्यंत तिच्यापर्यंत पोचली नाही. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, एक क्षणभर. आणि मग लक्षात आलं की माती जाळायची नाही आणि अस्थी नाहीत, म्हणजे कोनाडा नाही. कोनाडा नाही, म्हणजे पाटी नाही. त्या गृहस्थांना मी विचारलंसुद्धा, रिकाम्या कोनाड्यावर पाटी लावता येईल का? त्यांनी खूप वाईट वाटल्यासारखी मान हलवली. नंबरची पट्टी मजुरांनी आधीच काढून ठेवली होती. खड्डा बुजवला. आता तिथे नंबरही नव्हता.

बाहेर येऊन आम्ही रस्त्यावरच्या बसस्टॉपवर बसलो. टॅक्सी बोलवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी रडत होते, आणि रडताना मला बोलल्याशिवाय राहवत नाही, तशी मी बडबडत होते. म्हणत होते की संपलं, सगळं पुसून टाकलं, आता ती कुठेच नाही. कुठल्या दगडावर नाही, कुठल्या कागदावर कोणी काढून बघणार नाही. तिला साधं नाव मिळालं नाही रे, कुत्र्या-मांजराला असतं तेवढंही नाही.

“नाव आहे तिला,” नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडे वळले.

त्याने समोर रस्त्याकडे बघत सांगितलं. त्या दिवशी तिला घेऊन इथे आल्यावर बोलावलेल्या भटजींनी मंत्र म्हटले, खड्ड्यात मीठ घातलं, आणि म्हणाले, ठेवा आता. त्याच्याच्याने ठेववेना. असंच कसं ठेवायचं, हाक मारायला काही नसलेलं? बारशाला नाव आत्या सांगते, पण आत्या पुण्यात. त्याची आई माझ्यापाशी हॉस्पिटलात. मग त्याने तोंडावरचं कापड थोडं बाजूला केलं, तिच्या कानाशी वाकला आणि स्वतःच नाव सांगितलं. मग ठेवली. भटजींना वाटलं, बाप रडतोय. आईला सांगितलं असतं तर ती घाबरली असती, नाव घेऊन ठेवलं म्हणजे मागे ओढ राहणार. आणि मला सांगितलं असतं तर मी हाक मारत बसले असते. म्हणून नाही सांगितलं. दर वर्षी पुढच्या वर्षी सांगू म्हणत राहिला.

“कुठलं नाव?” मी विचारलं.

त्याने सांगितलं.

ते मी इथे लिहीत नाही, पण ते मला परकं नव्हतं. ते माझंच होतं. पोटुशी असताना एकदा, मुलगी झाली तर मला हे आवडेल, असं मी त्याला एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या म्हणाले होते. एकदाच. दुसरी झाली तेव्हा मी तिच्यासाठी तेच नाव धरून बसले होते आणि हा माणूस, जो कधी कशाला नाही म्हणत नाही, तो नाही म्हणाला होता. कारण सांगेना. मी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला, आईच्या सांगण्यावरून करतोयस म्हणून वाट्टेल ते बोलले, आणि शेवटी चिडून दुसरंच नाव ठेवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं होतं. ते नाव दिलेलं होतं, म्हणून ते पुन्हा देता येत नव्हतं.

मी त्याच्याकडे बघत राहिले. माणूस पार थकला होता. खांदे पुढे आलेले, बुटांना लाल माती लागलेली. बारशाच्या वेळी आत्या पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि जमलेल्या बायका हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात. घालायचेच असतात. ह्याने एकट्याने वाकून नाव सांगितलं होतं आणि ह्याच्या पाठीमागे कोणी नव्हतं.

मी हात उचलला आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग दुसरा. जोरात घातले, रागाचे पण होतेच त्यात. बसस्टॉपवरच्या एका बाईने आमच्याकडे दचकून पाहिलं. तो वाकून तसाच बसून राहिला, आणि मला जमतील तेवढे मी घातले.